दहापासून मोजायची टेप

३ मार्च

शिंपीणबाईंना,

फोनवर आपण दोघं बोलायला लागलो की पाचव्या मिनिटाला आरडाओरडा होतो आणि पलीकडच्या खोलीतून बाबा भिंतीवर काठी आपटतात. तुझ्या वहिनीने परवा फर्मान काढलं, भांडायचं तर कागदावर भांडा, घरात आवाज नको. ती क्लिनिकला जाताना रोज तुझ्या दुकानावरून जातेच. डब्याच्या पिशवीतून टपाल तीच नेणार आणि तीच आणणार. या वयात मला पत्र लिहायला लावलंस, शाब्बास.

मुद्द्यावर येतो. तुझ्या नव्या घराचा ताबा मिळाला हे बाबांकडून कळलं. बिल्डरने खाली नुसता सिमेंटचा कोबा करून दिलाय आणि वरची फरशी तुमची तुम्ही घाला म्हणाला, हेही कळलं. आणि ती तू स्वतः घालणार आहेस हे ऐकून माझ्या हातातला चहा सांडला. बावीस वर्षं मी स्वतःच्या नावावर लोकांच्या घरी फरश्या घालतोय. हाताखाली सहा माणसं आहेत. आणि माझी सख्खी बहीण खोक्यातल्या लाकडी पट्ट्या आणून, मोबाइलवर व्हिडिओ बघत, एकीत एक अडकवत बसणार. माझी माणसं तोंडावर हात ठेवून हसतील, तुला काय त्याचं!

माझं जाऊ दे, बाबांचा तरी विचार कर. दहा महिने झाले, ते तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाहीत. गुडघे जिना उतरू देत नाहीत आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिवसभर खिडकीत बसून खालून जाणाऱ्यांना टक्कल आहे की नाही ते सांगतात. तुझं घर तळमजल्यावर, दार उघडलं की अंगण, म्हणून त्यांना तुझ्याकडे न्यायचं ठरलं. वहिनीने क्लिनिकमधून उचलायची खुर्ची आणि दोन माणसं मिळवली आहेत, शनिवार बावीस तारखेची. तो दिवस हुकला तर पुन्हा कधी मिळतील याची तिला खात्री नाही. आणि बाबा आता पाय उचलत नाहीत, घासत चालतात. तुझ्या फरशीची कड जराशी जरी वर राहिली, तरी ते तोंडावर आपटतील. मग तू व्हिडिओवाल्याला जाब विचारत बस.

माझी माणसं दोन दिवसांत काम उरकून देतील. हट्ट सोड.

— दादा

&nbsp;

४ मार्च

दादा,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार घालतात. माझा वहिनीला सांग. तुझ्यासाठी उरला नाही.

तुझी माणसं नकोत. तू तर नकोसच. कारण तुला ठाऊक आहे, पण तू विसरल्याचं सोंग घेशील म्हणून लिहिते. दोन वर्षांपूर्वी बाबांनी काम थांबवलं आणि सगळ्या नातेवाइकांसमोर हत्यारांची पेटी तुझ्या हवाली केली. मी एकच वस्तू मागितली, त्यांची जुनी पोलादी टेप. तू काय म्हणालास? "शिंपिणीला टेपची काय कमी? गळ्यातच असते!" सगळी खोली खो-खो हसली. मामाला तर ठसका लागला. बाबा मान खाली घालून बसले. त्या दिवसापासून मी तुझ्या घरी येते ती तू कामावर असताना, बाबांना भेटायला. तू असताना मी तो जिना चढणार नाही.

आणि व्हिडिओ कोणाला सांगतोस? कोब्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवला. खालून ओल आली नाही, तेव्हाच पट्ट्या विकत आणल्या. खोकी तीन दिवस खोलीतच पडू दिली, म्हणजे काय फुगायचं ते आधीच फुगतं. भिंतीलगत बोटभर जागा सोडायची, उन्हाळ्यात लाकूड पसरतं. हे मला कोणी मोबाइलवर शिकवलं नाही. आठव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत सुट्टीच्या प्रत्येक दिवशी मी बाबांबरोबर कामावर गेले. टेप धरून माप ओरडायचे मी. पलीकडच्या इमारतीत ऐकू जायचं म्हणून बाबा मला भोंगा म्हणायचे. त्या वेळी तू गल्लीत लोकांच्या काचा फोडत होतास.

पुढचं मी लिहीत नाही. तुला माहीत आहे मी बाराव्या वर्षी का थांबले ते.

बावीस तारखेला फरशी तयार असेल. माझ्या हातची.

— तुझी बहीण, नाइलाजाने

&nbsp;

६ मार्च

शिंपीणबाई,

चार वर्षं माप ओरडलं म्हणून कोणी मिस्त्री होत नाही. तसं असतं तर स्टेशनवर घोषणा करणाऱ्या बाईने गाडी चालवली असती.

टेपचं एवढं मनाला लावून घेतलंस? भंगार आहे ते. पुढचे दहा सेंटीमीटर तुटलेले. पट्टी सुरूच होते दहाच्या आकड्यापासून. त्या टेपेने काम करायचं म्हणजे वाचणाऱ्याने दिसेल तो आकडा ओरडायचा आणि कापणाऱ्याने मनातल्या मनात दहा वजा करायचे. बाबांनी पुढची सगळी वर्षं तशीच काढली आणि माझ्याही डोक्याला ती खोड लावली. आता लेसर आला, बटण दाबलं की आकडा. ती टेप माझ्या पेटीच्या तळाला पडून आहे आणि तिथेच राहील.

बाराव्या वर्षाचं काय ते मला काही आठवत नाही. लहानपणच्या गोष्टी. तू अजून तिथेच बसली असशील तर बस.

— दादा

&nbsp;

९ मार्च

दादा,

आठवत नाही म्हणे! बरं, बरं.

फरशी अर्ध्यावर आली आहे आणि सरळ आहे. गोटी ठेवली तर जागची हलत नाही. पण एक अडचण आहे आणि तुला सांगावी लागतेय, याचा मला मनापासून संताप आहे. आमच्या इमारतीत कापायचं मशीन फक्त बिल्डरच्याच माणसाने चालवायचं असा नियम निघालाय, आणि बिल्डरचा माणूस दोन आठवडे गावाला गेलाय. ओळीची पहिली पट्टी एक तर अख्खी येते नाही तर अर्धी, त्या अर्ध्या दुकानदाराने कापूनच दिल्यात. पण शेवटचा तुकडा भिंतीप्रमाणे कापावा लागतो, आणि बिल्डरची भिंत त्याच्या बोलण्यासारखीच वाकडी आहे. प्रत्येक ओळीचा तुकडा वेगळा. वीस ओळी, वीस तुकडे. हाताने कापायला मी सुतार नाही.

यादी वेगळ्या कागदावर आहे. पट्ट्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतेय. तुझ्या वर्कशॉपमध्ये मशीन आहे, दहा मिनिटांचं काम आहे. करणार असशील तर कर, नाही तर तसं सांग, मी दुसरीकडे जाते. मापं मी नीट घेतली आहेत. कशाने घेतली ते विचारू नकोस, माझ्याकडे साधन आहे. तुझी अक्कल त्यात घालू नकोस.

— मी

&nbsp;

१२ मार्च

शिंपीणबाई,

वीस तुकडे कापून टेम्पोत घातले आहेत. एकही कड उडालेली नाही, बघून घे. नवं पातं लावलं होतं.

कशाने मापलं ते विचारू नकोस म्हणालीस, मी विचारलं नाही. मला जे समजायचं ते समजलं. मी काही दूध पिणारं बाळ नाही. काय केलं ते माझं मला माहीत, तुला सांगून तू उपकार मानणार थोडीच!

बाबा रोज विचारतात, किती ओळी झाल्या. मी सांगतो, मला काय विचारता, तुमच्या लाडकीला विचारा.

— दादा

&nbsp;

१५ मार्च

दादा,

तुकडे कमी पडले. वीसच्या वीस. एका मुठीएवढे कमी, सगळे सारखे.

मी पहिला बसवला तेव्हा वाटलं माझंच काही चुकलं. दुसरा बसवला. तिसरा. मग बाकीचे सगळे नुसतेच मांडून बघितले आणि जमिनीवर बसून राहिले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मुठीएवढा रुंद चर राहिलाय, खाली कोबा उघडा. आणि कुठल्या भिंतीला? अंगणाच्या दाराच्या! बाबा ज्या दारातून रोज बाहेर जाणार, बरोबर त्याच दारासमोर. त्यांची काठी त्यात अडकेल, पाय अडकेल. दुकानात फोन केला, या रंगाचा माल संपलाय, तीन आठवडे येणार नाही. माझ्याकडे जादा म्हणून दोन पट्ट्या उरल्यात. त्यात वीस तुकडे कुठून काढू?

एक चुकला असता तर मी म्हटलं असतं, हात घसरला. वीस तुकडे एकाच मापाने कमी येतात ते हात घसरून नाही. तू मुद्दाम केलंस. मी फरशी घालावी हेच तुला सहन होत नव्हतं. "उपकार" असा शब्द वापरलास, लाज नाही वाटली? म्हातारा बाप अजून महिनाभर वर कोंडला गेला तरी चालेल, पण बहिणीचं नाक कापलं गेलं पाहिजे!

आणि तुझी पद्धत जुनीच आहे. आता लिहितेच. मी बारा वर्षांची, तू पंधराचा. फरशी कापायचं मशीन तुझ्या हातात होतं. बाबांनी नको म्हटलं असताना तू ते घेतलंस आणि खाली पडलेली टेप कापलीस. टेपचं टोक उडून माझ्या पायापाशी पडलं. बाबा आले, विचारलं, कोणी केलं? आणि तू बोट केलंस माझ्याकडे. "हिने मध्ये ठेवली." मी रडत होते, मला बोलता येईना. बाबा म्हणाले, उद्यापासून घरी बसायचं. पुढच्या महिन्यात शेजारच्या बाईंकडे मला शिवण शिकायला घातलं. मला शिवणकाम वाईट वाटत नाही, दादा. चार मशीनचं दुकान आहे, लोक नाव काढतात. पण ते मी मागितलं नव्हतं. मला फरशी हवी होती.

आता पुन्हा तेच. मशीन तुझ्या हातात, आणि चूक माझ्या नावावर.

— (सही करत नाही)

&nbsp;

१७ मार्च

बये,

तोंड सांभाळ. तुझी यादी मी जपून ठेवली आहे, तुझ्याच अक्षरात आहे, आणि तिच्याप्रमाणेच कापलंय. चुकलं असेल तर तुझं माप चुकलं. कापड ओढून ताणून बसवायची सवय तुझी, लाकूड ताणत नाही. खोलीची पूर्ण लांबीसुद्धा लिहिली नव्हतीस. लिहिली असतीस तर मला पडताळून बघता आलं असतं. मी आधीच सांगितलं होतं, माझी माणसं घे. नाही. हट्ट! आता बाप अडकला तो तुझ्या हट्टापायी, माझ्या नाही.

यादीत मी मुद्दाम काही केलं म्हणतेस? मुलांची शपथ घेऊन सांगतो, जे केलं ते तुझं काम नीट व्हावं म्हणून केलं. यापुढे तुझ्या घराकडे मी ढुंकून बघणार नाही.

तीस वर्षांपूर्वीचं उकरून काढायचं असेल तर काढत बस. मी उत्तर देणार नाही.

— दादा

&nbsp;

१८ मार्च

वन्सं, आणि अहो, दोघांनाही एकच पत्र. दोन प्रती काढल्या आहेत, म्हणजे कोणी म्हणायला नको की मला वेगळं सांगितलं.

गेले पंधरा दिवस मी तुमची टपालवाली आहे. रागाची पत्रं डब्याशेजारी ठेवून माझी भाजीसुद्धा आंबते की काय असं वाटायला लागलंय. मी कोणाचंही पत्र उघडून वाचलेलं नाही. पण काल रात्री ह्यांनी तावातावाने यादी टेबलावर आपटली आणि निघून गेले, ती मी वाचली. वाचायला मला कोणी बंदी केली नव्हती.

वन्सं, तुमच्या प्रत्येक आकड्यापुढे ह्यांच्या पेन्सिलने दुसरा आकडा आहे. एकोणनव्वदच्या पुढे एकोणऐंशी. एकोणतीसच्या पुढे एकोणीस. वीस वेळा दहा वजा.

आता माझा गुन्हा सांगते. टेप माझ्यामुळे गेली. महिन्याच्या सुरुवातीला बाबा मला म्हणाले, "पेटीतली टेप काढून तिला नेऊन दे. त्याला सांगू नकोस." मी म्हटलं, शिंप्यांकडे टेप असते की. तर म्हणाले, "ती कापडाची. ही तिची आहे." मी दिली. वन्सं, तुम्ही ती वापरली आणि तुमच्या दादाला कळू नये म्हणून स्वतःच दहा काढून खरी मापं लिहिली, हो ना? आणि ह्यांना पेटी उघडल्यावर टेप दिसली नाही. त्यांनी ओळखलं ती कुठे गेली. मला काही बोलले नाहीत, तुम्हालाही नाही. वाटलं, भोंगा लहानपणी दिसेल तो आकडा ओरडायची, तसाच लिहिला असणार, आणि आता टेप तुटकी, म्हणजे कापणाऱ्याने दहा काढायचे. तुमची चूक पोटात घालतोय अशा थाटात ह्यांनी पुन्हा दहा काढले. न विचारता.

दोघांनीही लपवलं एकच. दोघांनीही काढले तेच दहा. "टेप माझ्याकडे आहे" आणि "टेप तुझ्याकडे आहे ना" एवढं बोलायला तुमच्या घराण्यात कोणाची जीभ वळत नाही. माझ्या माहेरी असं झालं असतं तर आईने दोघांना एकाच खोलीत कोंडलं असतं.

शनिवारची खुर्ची मी रद्द केलेली नाही आणि करणारही नाही. तुमचं काय ते बघा.

— वहिनी (आणि तुमची बायको, अजून तरी)

&nbsp;

१९ मार्च

भोंगा,

हे नाव मुद्दाम लिहितोय. तीस वर्षांत लिहिलं नव्हतं.

तुझी वहिनी म्हणते ते खरं आहे. पेटीत टेप नव्हती आणि मला आधी राग आला, मग वाटलं, घेऊ दे. तुझी यादी आली, तेव्हा मी सरळ विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर टेप गेल्याचं मला माहीत आहे हे तुला कळलं असतं, आणि मी गप्प बसलो याचा तू काहीतरी अर्थ काढला असतास. म्हणून नाही विचारलं. मूर्खपणा माझा. मुद्दाम मात्र नाही केलं.

दुसरं. मला आठवत नाही असं लिहिलं ते खोटं. सगळं आठवतं. मशीनचा आवाज आठवतो, टेपचं टोक उडालं ते आठवतं, तुझा फ्रॉक निळा होता तेही आठवतं. मशीन माझ्या हातात होतं. टेप मीच कापली. मी घाबरलो आणि तुझ्याकडे बोट केलं. पुढे रोज वाटायचं उद्या सांगू. मग बाबा मला कामाला न्यायला लागले, काम जमायला लागलं, आणि मग सांगायची सोयच राहिली नाही. सांगितलं तर तू परत आली असतीस आणि मी उघडा पडलो असतो. त्या दिवशी सगळ्यांसमोर तू टेप मागितलीस तेव्हा माझं पाणी पाणी झालं, म्हणून मी तो फालतू विनोद केला. मी नीच वागलो. माफ कर असं लिहून काही होत नाही, तरी लिहितो.

काल संध्याकाळी मी बाबांसमोर बसलो आणि हे सगळं त्यांना सांगितलं. वाटलं होतं, काठी हाणतील. पुढचं तुला सांगू की नको, रात्रभर ठरत नव्हतं. पण आता लपवायचं नाही असं ठरवलंय. ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. मशीन तुझ्या हातात होतं, तुझ्या केसांत धूळ होती. तेवढं न कळायला मी आंधळा होतो का?" मी विचारलं, मग तिला घरी का बसवलं? काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "ती तुझ्यापेक्षा चांगली होती. ती तिथे असेपर्यंत तू हातात काही धरलं नसतंस. मला मुलगा कामाला लावायचा होता." एवढंच बोलले आणि जेवले नाहीत.

ऐकून मला कसं वाटलं ते तुला सांगत नाही. तुझ्या वाटण्यापुढे ते काहीच नाही.

चराचं म्हणशील तर भरता येतो. वीस तुकडे नव्याने कापायची गरज नाही. त्या दोन उरलेल्या पट्ट्या टेम्पोवाल्याकडे दे. उभ्या मधोमध चिरल्या की चार अरुंद पट्ट्या होतात. त्या भिंतीलगत, बाकीच्या फरशीला आडव्या, एकीपुढे एक चिकटवायच्या. पट्टा मुद्दाम घातल्यासारखा दिसतो, जुने कारागीर घालायचेच. राहील ती फट भिंतीच्या पायाशी लावतात त्या स्कर्टिंगच्या पट्टीखाली जाते. तीन पट्ट्या अख्ख्या बसतील, चौथीचा वीतभर तुकडा जागेवर मापून कापायचा. त्याला हातकरवत पुरे, तुमच्या नियमात हातकरवत नसावी.

बसव तूच. मी येणार नाही, तू म्हणत नाहीस तोवर.

— दादा

&nbsp;

२१ मार्च

दादा,

पट्ट्या आल्या. चीर सरळ आहे. तीन बसवल्या, चिकटल्या. पट्टा चांगला दिसतो. हे तुला सांगायला मला आवडत नाहीये, पण खोटं बोलायची तुमच्या घरातली पद्धत मी माझ्या घरात आणणार नाही.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तिला म्हटलं उद्या या. शटर अर्धं ओढून कापडाच्या ढिगावर बसले. तीस वर्षं मी तुझा राग राग केला. रोज, नियमाने, दात घासल्यासारखा. आणि आता कळतंय की अर्धा राग चुकीच्या पत्त्यावर जात होता. तुझ्यावरचा अर्धा अजून शिल्लक आहे, काळजी करू नकोस. तू पंधराचा होतास, घाबरलास, ते मी एक वेळ समजून घेईन. नंतरची तीस वर्षं तू काही घाबरलेला नव्हतास.

पण बाबा. त्यांना माहीत होतं! मी रोज संध्याकाळी दारात उभी राहायचे, ते कामावरून आले की त्यांच्या पिशवीतून टेप काढून पुसून ठेवायचे. वाटायचं, नीट वागले तर परत नेतील. त्यांनी मला ती पुसू दिली. एक दिवसही म्हणाले नाहीत की पोरी, तू काही केलं नाहीस. मी चांगली होते म्हणून मला घरी बसवलं, हे ऐकून माझ्या अंगाची आग आग झाली. वाईट असते तर परवडलं असतं.

काल दिवसभर माझ्या मनात एकच होतं. राहू देत त्यांना तिसऱ्या मजल्यावर. मोजू देत लोकांची टकलं. वहिनीला चिठ्ठी लिहिली, खुर्ची नको म्हणून. लिहून फाडली. पुन्हा लिहिली.

संध्याकाळी नव्या घरी गेले. अंगणाचं दार उघडलं. फरशीवर ऊन आलं होतं, पार त्या पट्ट्यापर्यंत. मी चप्पल काढली आणि पाय न उचलता, त्यांच्यासारखी घासत घासत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं. कुठेही कड लागली नाही. फक्त शेवटी, दाराशी, जिथे चौथा तुकडा राहिलाय, तिथे पाय अडकला. ही फरशी मी त्यांच्याच पायांसाठी घातली होती. ती कोणासाठी घालत होते ते आठवलं आणि मी तिथेच बसून मोठ्याने रडले. भोंग्यासारखी. शेजाऱ्यांनी दार वाजवलं.

चिठ्ठी फाडली. दुसऱ्यांदा.

उद्या त्यांना घेऊन या. माफ केलं म्हणून बोलावत नाही, हे त्यांना जिना उतरायच्या आधीच सांग, म्हणजे गैरसमज नको. दहा महिने खिडकीत बसलेल्या माणसाशी मला भांडता येत नाही, मी एक शब्द बोलले की त्यांचे डोळे भरतात आणि मी गप्प बसते. माझ्या घरी, उन्हात, दोन वेळा जेवून खाऊन ते तगडे झाले की मी रोज थोडं थोडं भांडणार आहे. माझ्याकडे तीस वर्षांचं साठलंय. त्यांनी त्यासाठी जगायला हवं.

चौथा तुकडा मी ठेवलाय. तो उद्या बसेल, सगळ्यांसमोर. दाराशी स्टूल मांडलंय, त्यावर बाबा बसतील. टेप त्यांच्या हातात देणार. माप ते वाचतील, दिसेल तो आकडा, मोठ्याने, पलीकडच्या इमारतीत ऐकू जाईल असं. कापणार मी. दहा मी काढीन, मी एकटीच. तू हातकरवत आण, धार लावून. पट्टी दाबून धर आणि तोंड बंद ठेव.

आणि तुकडा चुकला, बाबांनी विचारलं कोणी चुकवला, तर या वेळी खरं सांग.

— भोंगा